नसांच्या दुखण्यावर मेडिकल कॅनाबिस: पहिल्या डोसआधी उभं राहून बीपी मोजा

मधुमेहाने पायांच्या नसा (म्हणजे चेतातंतू, रक्तवाहिन्या नव्हेत) खराब होऊन दुखू लागल्या की ते लगेच कळतं. तळपायांची आग होते, मुंग्या येतात, रात्री वीज चमकल्यासारख्या कळा उठतात. त्याच मधुमेहाने हृदयाकडे जाणाऱ्या नसाही खराब झालेल्या असू शकतात. त्या मात्र दुखत नाहीत, त्यामुळे त्यांची चौकशी सहसा कुणी करत नाही. मेडिकल कॅनाबिसमधला, म्हणजे औषध म्हणून दिल्या जाणाऱ्या गांजातला, टीएचसी हा नशा आणणारा घटक नेमका याच नसांच्या कामात हात घालतो. तो नाडी वाढवतो आणि उभं राहताना रक्तदाब सावरायची शरीराची सवय ढिली करतो. म्हणूनच नसांच्या दुखण्यासाठी हे औषध घेणाऱ्याने आधी हृदय आणि रक्तदाब तपासून घ्यावा. 'मला हार्टचा त्रास नाही' असं सांगणाऱ्यानेही तपासून घ्यावं.

इथे लिहिलंय ते जिथे हे औषध कायद्याने आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं, तिथल्या रुग्णांसाठी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी आहे. डोस ठरवायचा तो डॉक्टरांनीच. घरी काय मोजायचं, कधी मोजायचं आणि आकडे बिघडले तर काय करायचं, एवढं मात्र तुमच्या हातात आहे.

घेतल्यावर शरीरात काय होतं

टीएचसी पेशींवरच्या सीबी-१ या ग्राहींवर, म्हणजे संदेश टिपणाऱ्या जागांवर, बसतो. हृदयाला वेग देणाऱ्या नसांचा जोर वाढतो आणि लगाम घालणाऱ्या व्हेगस नसेचा कमी होतो. त्यामुळे नाडी साधारण २० ते ५० टक्क्यांनी वाढते, मोठ्या डोसने याहूनही जास्त. बसल्या जागी ७६ असलेली नाडी ११० वर जाणं यात नवल नाही. बसलेलं किंवा आडवं असताना रक्तदाब थोडा चढतो. उभं राहिलं की उलट घडतं. पायांतल्या रक्तवाहिन्या वेळेवर आवळल्या जात नाहीत, रक्त खाली साचतं, बीपी पडतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

ठोके वाढले की हृदयाला प्राणवायू जास्त लागतो. ओढून धूर घेतला तर त्यातला कार्बन मोनॉक्साइड रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी करतो, म्हणजे मागणी वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. धमन्या मोकळ्या असतील तर बहुतेकांचं निभावतं, अरुंद झालेल्या असतील तर अडचण होते. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गांजा ओढल्यानंतरच्या पहिल्या तासात हार्ट अटॅकचा धोका त्याच व्यक्तीच्या इतर वेळेपेक्षा ४.८ पट आढळला. तरुण, निरोगी माणसाचा मूळ धोकाच इतका लहान असतो की पाचपट होऊनही तो लहानच राहतो. साठीतल्या, मधुमेह आणि बीपी असलेल्या माणसाचं तसं नसतं.

वेळेचं गणित घेण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतं. वाफ किंवा धूर घेतला तर परिणाम काही मिनिटांत सुरू होतो, नाडी १० ते ३० मिनिटांत शिखरावर जाते आणि दोन-तीन तासांत उतरते. तेल किंवा कॅप्सूल गिळली तर सुरुवातीलाच अर्धा ते दीड तास लागतो, कधी दोन तासही. शिखर दोन ते चार तासांनी येतं आणि परिणाम सहा-आठ तास टिकतो. गिळलेल्या टीएचसीचं यकृतात ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं आणि तेही तितकंच जोरकस असतं. म्हणून तोंडावाटे घेतलेला डोस सावकाश चढतो आणि बराच वेळ उतरत नाही.

रोज घेत राहिलं की काही दिवसांत शरीर सरावतं आणि नाडीची उसळी कमी होते. त्यामुळे जपायचे काळ तीनच: पहिले काही आठवडे, डोस वाढवल्यानंतरचे दिवस आणि खंड पडून पुन्हा सुरू करण्याचा दिवस. तिसरा काळ सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो. दोन-तीन आठवडे औषध बंद होतं आणि पुन्हा घेताना जुनाच मोठा डोस घेतला, तर सराव केव्हाच गेलेला असतो.

फायदा किती, धोका किती

डेन्मार्कमध्ये १ जानेवारी २०१८ पासून डॉक्टरांना मेडिकल कॅनाबिस लिहून देण्याची प्रायोगिक योजना सुरू झाली. तिथल्या जुनाट दुखण्याच्या ५,३९१ रुग्णांची तुलना त्याच वयाच्या आणि तसंच दुखणं असलेल्या, पण कॅनाबिस न घेणाऱ्या रुग्णांशी केली गेली. २०२४ मध्ये आलेले आकडे असे: पहिल्या १८० दिवसांत हृदयाच्या ठोक्यांची नवी अनियमितता कॅनाबिस घेणाऱ्यांत सुमारे ०.८ टक्के, न घेणाऱ्यांत ०.४ टक्के. हजारातल्या चौघांऐवजी आठ जणांना हा त्रास झाला. असा अभ्यास कारण सिद्ध करत नाही, पण औषध सुरू करताना ईसीजी काढून ठेवायला एवढं पुरेसं आहे.

दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघू. नसांच्या जुनाट दुखण्यावरच्या १६ चाचण्यांचा, एकूण १,७५० रुग्णांचा, कॉक्रेन या संशोधन तपासणाऱ्या संस्थेचा आढावा २०१८ मध्ये आला. दुखणं निम्म्याने किंवा जास्त कमी झालेले रुग्ण कॅनाबिस गटात २१ टक्के आणि खोट्या औषधाच्या गटात १७ टक्के निघाले. त्रास होऊन औषध सोडणारे १० आणि ५ टक्के होते. म्हणजे फायदा होतो, पण थोड्यांनाच. त्यामुळे अमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन, गाबापेंटिन, प्रेगाबालिन या नसांच्या दुखण्याच्या नेहमीच्या औषधांना पुरेसा डोस आणि पुरेसा वेळ देऊन झाल्याशिवाय इकडे वळू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. मळमळलं म्हणून आठवड्यात सोडलेलं ड्युलॉक्सेटिन हे 'करून पाहिलं' यात मोडत नाही.

सुरू करण्याआधी

नुकताच हार्ट अटॅक किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, थोड्याशा श्रमाने किंवा बसल्या जागी छातीत दुखत असेल, हार्ट फेल्युअर ताब्यात नसेल, ठोक्यांची गंभीर अनियमितता असेल, तर टीएचसी नको. स्वतःला किंवा घरात कुणाला सायकोसिस (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) झालेला असेल किंवा गरोदरपण असेल, तरी नको. ही कारणं हृदयाची नाहीत, पण तितकीच पक्की आहेत.

पुढचा प्रश्न असा, की पाय दुखतोय तो नसेमुळेच का? मधुमेह किंवा तंबाखू असलेल्यांत पायाच्या धमन्याही बुजलेल्या असू शकतात आणि ते दुखणं नसांच्या दुखण्यात मिसळून जातं. चालल्यावर पोटरी भरून येते आणि थांबल्यावर मोकळी होते का? एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गार लागतं का? बोटांची जखम भरत नाही का? यातलं एकही असेल तर आधी पायाच्या धमन्यांचा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी) करा. मधुमेहात धमन्या कडक झाल्यामुळे घोट्याचं बीपी फसवं जास्त येतं, त्यामुळे एकट्या त्या आकड्यावर विसंबू नका. गांजा ओढणाऱ्यांत पायाच्या धमन्यांना सूज येऊन त्या बंद पडल्याच्याही नोंदी आहेत. अशा पायावर कॅनाबिस घेणं म्हणजे दुखणं झाकून पाय गमावण्याकडे जाणं.

आता उभं राहून करायची चाचणी. दंडाला पट्टा बांधायचं बीपी मशीन घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. सकाळची औषधं आणि चहा-कॉफी घेण्याआधी पाच मिनिटं शांत आडवे व्हा. बोलू नका, मोबाइल बघू नका. पडल्यापडल्याच बीपी आणि नाडी मोजून लिहा. मग उठून सरळ उभे राहा, शेजारी भिंत किंवा खुर्ची असू द्या आणि घरातलं कुणीतरी जवळ असू द्या. पट्टा बांधलेला हात उभं राहिल्यावर खाली लोंबू देऊ नका. तो छातीच्या उंचीवर टेकवून धरा, नाहीतर आकडा चुकीचा जास्त येईल आणि पडलेलं बीपी लपून जाईल. उभं राहिल्यावर एका मिनिटाने मोजा, तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर उभं राहताना तुमचं बीपी पडतं.

या आकड्यांत नाडीकडे खास लक्ष द्या. बीपी पडल्यावर निरोगी हृदय धावून ती कसर भरून काढतं. समजा बीपी १४० वरून ११० वर आलं, म्हणजे ३० ने पडलं, आणि नाडी ८८ वरून ९४ वर, म्हणजे जेमतेम ६ ने वाढली. सहाला तीसने भागलं तर ०.२ येतं. हा आकडा ०.५ पेक्षा कमी असेल तर हृदयाच्या नसा ढिल्या पडल्याचा, म्हणजे ऑटोनॉमिक न्यूरोपॅथीचा, दाट संशय घ्यावा. (बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांत नाडी औषधामुळेच दबलेली असते, तिथे हा भागाकार चालत नाही.) विश्रांतीतही नाडी कायम शंभरच्या आसपास असणं ही आणखी एक खूण. असं काही दिसलं तर टीएचसीचा पहिला थेंब घेण्याआधी डॉक्टरांना ही वही दाखवा. सलग तीन दिवस सकाळी ही चाचणी करून ठेवली की तुमचा मूळ आकडा हाती येतो. पुढची सगळी तुलना त्याच्याशी करायची.

ईसीजी एकदा काढाच. सोबत पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि यकृताच्या तपासण्याही करून घ्या.

औषधांचा डबा उघडून बघा

नसांच्या दुखण्याची नेहमीची औषधंच इथे गुंता करतात. अमिट्रिप्टिलिन आणि नॉरट्रिप्टिलिन नाडी वाढवतात, उभं राहताना बीपी पाडतात आणि ईसीजीतलं क्यूटी अंतर लांबवतात (ते फार लांबलं की ठोके धोकादायक बिघडू शकतात). पहिल्या दोन गोष्टी टीएचसीही करतो. दोन्ही औषधं रात्री झोपताना घेतली आणि पहाटे तीनला लघवीला उठलात, तर संडासाच्या दारात पडण्याचा धोका खरा आहे. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन किंवा स्नायू सैल करायला टिझॅनिडिन चालू असेल तर त्यात भरच पडते. प्रेगाबालिनने गुंगी वाढते, पायांवर सूज येते आणि हार्ट फेल्युअर असेल तर ते बिघडू शकतं. ड्युलॉक्सेटिनने बीपी थोडं चढतं.

वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी विशेष सांभाळावं. सीबीडी, म्हणजे कॅनाबिसमधला नशा न आणणारा दुसरा मुख्य घटक, यकृतातली औषधं मोडणारी एन्झाइम्स अडवतो, त्यामुळे आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) चढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. सुरू करण्याआधी, आठवडाभरात आणि प्रत्येक डोस बदलानंतर आयएनआर तपासा. रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या क्लोपिडोग्रेलचं उलटं आहे. ते यकृतातल्या सीवायपी २सी१९ या एन्झाइमने जागं होतं आणि सीबीडी त्यालाच अडवतो, त्यामुळे स्टेंट असलेल्या रुग्णाने हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय सीबीडीला हात लावू नये. डिल्टियाझेम, व्हेरापामिल, क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल यांनी रक्तातलं टीएचसी वाढू शकतं. ट्रायजेमिनल न्यूराल्जियासाठीचं (चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यासाठीचं) कार्बामाझेपिन ते कमी करतं. कार्बामाझेपिन बंद केलं की पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कॅनाबिसचा तोच डोस जड वाटू लागतो, आणि कारण पटकन लक्षात येत नाही.

डोस: मिलिग्रॅममध्ये विचार करा, थेंबांत नको

ओढणं सोडा. हृदयासाठी तो सगळ्यात वाईट मार्ग आहे आणि डोसचा अंदाजही येत नाही. २० टक्के टीएचसीच्या फुलात एका ग्रॅममागे २०० मिलिग्रॅम टीएचसी असतं, म्हणजे ०.१ ग्रॅममध्ये २०. पहिल्याच दिवशी एवढं कुणालाच लागत नाही.

तेल घेत असाल तर बाटलीवर दोन आकडे शोधा: एक मिलिलिटरमागे टीएचसी किती आणि सीबीडी किती. टक्केवारी दिली असेल तर १ टक्का म्हणजे मिलिलिटरला साधारण १० मिलिग्रॅम. थेंब मोजू नका, ड्रॉपरप्रमाणे थेंब लहान-मोठा होतो. सुई नसलेली १ मिलिलिटरची सिरिंज घ्या, ज्यावर ०.०१ किंवा ०.०२ च्या रेषा आहेत. बाटली हलवा, तेल ओढा, सिरिंज टोक वर करून टिचकी मारा म्हणजे बुडबुडा वर येईल, तो बाहेर ढकला आणि मग दट्ट्याची वरची कड रेषेला लावा. टीएचसी मिलिलिटरला १० मिलिग्रॅम असेल तर १ मिलिग्रॅमसाठी ०.१ मिलिलिटर. बुडबुडा तसाच राहिला तर एवढ्याशा मापात अर्धा डोसही हुकतो.

अनेक तज्ज्ञांनी मान्य केलेली सुरुवातीची रीत अशी: सीबीडी ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दर दोन-तीन दिवसांनी दिवसाचा डोस १० मिलिग्रॅमने वाढवत ४० पर्यंत. तेवढ्याने भागलं नाही तर टीएचसी २.५ मिलिग्रॅमपासून, तेवढ्याच पायऱ्यांनी, दोन ते सात दिवसांच्या अंतराने. वयस्कर, अशक्त किंवा वरच्या चाचणीत बीपी पडलेल्यांसाठी जपून जाणारी रीत वेगळी आहे: सीबीडी ५ मिलिग्रॅम दिवसातून एकदाच, आणि टीएचसी १ मिलिग्रॅमपासून, आठवड्याला १ मिलिग्रॅमच वाढवायचं. नसांच्या दुखण्याचे बहुतेक रुग्ण या दुसऱ्या गटात धरावेत. पंधरा दिवस जास्त गेले तर काही बिघडत नाही.

तोंडात मारायचा नॅबिक्सिमॉल्स स्प्रे असेल तर एका फवाऱ्यात २.७ मिलिग्रॅम टीएचसी आणि २.५ मिलिग्रॅम सीबीडी असतं. दोन फवाऱ्यांत किमान १५ मिनिटांचं अंतर ठेवायचं आणि दिवसाला १२ पेक्षा जास्त नाही. गंभीर हृदयविकारात तो देऊ नये असं त्याच्या माहितीपत्रकातच म्हटलंय.

रोज जेवणाशी नातं एकच ठेवा. तेलकट, तुपकट जेवणासोबत सीबीडी उपाशीपोटीपेक्षा कितीतरी जास्त, चारपटीपर्यंत, शोषलं जातं. एक दिवस उपाशी आणि एक दिवस जेवून घेतलं, तर कागदावर डोस तोच राहतो आणि रक्तात बदलतो.

पहिला डोस

पहिला डोस संध्याकाळी घरी घ्या, घरात कुणीतरी हवं. त्या दिवशी दारू नको, गाडी चालवायची नाही, गरम पाण्याने लांबलचक अंघोळ नको. घेण्याआधी बसून बीपी आणि नाडी लिहा. गिळायचं तेल असेल तर पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या तासाला पुन्हा मोजा. दुसऱ्या तासाला आडवं-उभं चाचणीही करा. वाफ घेतली असेल तर १५, ३० आणि ६० मिनिटांनी.

नाडी बोटांनी मोजा. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण ६० सेकंद. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आणि बीपी मशीन ठोके अनियमित असताना चुकतात. बोटाला मात्र कळतं की ठोके घड्याळासारखे पडताहेत की अधूनमधून गडबडताहेत.

सगळ्यात नेहमीची चूक 'काहीच झालं नाही' म्हणून तासाभरात दुसरा डोस घेण्याची आहे. पहिला तेव्हा कुठे चढू लागलेला असतो. दोन्ही एकत्र शिखरावर आले की धडधड, घाम, भीती आणि 'आता मरतोय' असं वाटणं. गिळलेल्या टीएचसीचा त्या दिवसापुरता दुसरा डोस नाही, एवढा नियम पाळला तरी बरेच प्रसंग टळतात.

रात्री उठताना आधी कुशीवर व्हा, पाय खाली सोडून मिनिटभर कडेला बसा, पोटऱ्या आवळून सोडा, मग उभे राहा.

कधी थांबायचं, कधी धावायचं

उभं राहताना बीपी मूळ आकड्यापेक्षा जास्त पडायला लागलं, चक्कर येऊ लागली किंवा शांत बसूनही नाडी शंभरच्या वर राहायला लागली, तर डोस वाढवू नका. आधीच्या डोसवर परत या आणि डॉक्टरांशी बोला. विश्रांतीत १२० च्या वर गेलेली नाडी अर्ध्या तासात खाली आली नाही, किंवा ठोके अनियमित लागले, तर त्याच दिवशी ईसीजी. घाबरल्यामुळे वाढलेली नाडी सहसा नियमित असते आणि हळूहळू उतरते. अचानक सुरू होऊन अचानक थांबणारी धडधड वेगळी असते. तरीही घरी बसून याचा निकाल लावू नका, धडधड चालू असतानाच ईसीजी निघाला पाहिजे.

छातीत दाब, जबडा किंवा हातात कळ, शुद्ध हरपणं, बोलणं अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं, अचानक असह्य डोकेदुखी: लगेच अॅम्ब्युलन्स. मधुमेहींनी एक गोष्ट मनात पक्की ठेवावी. हृदयाच्या नसा बधिर असतील तर हार्ट अटॅक छातीत न दुखता येतो. अचानक धाप, गार घाम, उलटी किंवा कारण नसलेला गळाठा एवढंच जाणवतं, आणि 'औषध जरा जास्त झालं असेल' म्हणून माणूस झोपून टाकतो. आधी साखर बघा, कारण साखर कमी झाली तरी असाच घाम येतो. साखर ठीक असेल तर वाट न बघता हॉस्पिटल. तिथे कॅनाबिस किती वाजता आणि किती घेतलं ते स्पष्ट सांगा, लपवल्यामुळे उपचार चुकतात.

महिनोन्महिने रोज घेणाऱ्या काहींना पुन्हा पुन्हा उलट्यांचा त्रास सुरू होतो आणि गरम पाण्याखाली उभं राहिल्यावर बरं वाटतं. हा कॅनाबिसचाच दोष आहे. उलट्यांनी पोटॅशियम घटतं, उलटीवरचं ऑन्डान्सेट्रॉन क्यूटी लांबवतं, आधीच अमिट्रिप्टिलिन चालू असतं, आणि तिन्ही मिळून ठोके धोकादायक बिघडू शकतात. अशा वेळी पोटॅशियम आणि ईसीजी बघूनच उलटीचं औषध घ्यावं.

बंद करतानाही एकदम नको. मोठा डोस रोज घेणाऱ्यांत अचानक बंद केल्यावर झोप उडते, घाम येतो, चिडचिड होते आणि काहींचं बीपी चढतं. आठवड्याला पाव हिस्सा कमी करत उतरा आणि त्या काळात बीपी रोज लिहा. तीन महिने योग्य डोस घेऊनही दुखणं दहापैकी किमान तीन हिश्शांनी कमी झालं नाही, तर हृदयावरचा भार फुकट वाहण्यात अर्थ नाही, उतरायला लागा.

ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना शेवटचा डोस कधी घेतला ते सांगा. धूर किंवा वाफ घेतल्यावर पहिल्या दोन तासांत ठरवून करायचं ऑपरेशन पुढे ढकललं जातं, ते याच पहिल्या तासांच्या धोक्यामुळे. दात काढायला जातानाही हे सांगायचं, कारण तिथल्या भुलीच्या इंजेक्शनात बहुधा ॲड्रिनलिन असतं आणि तेही नाडीच वाढवतं.